दार बंद करण्याची तारीख

डेबियन या मुक्त संगणकप्रणालीची ३.० ही आवृत्ती १९ जुलै २००२ रोजी निघाली आणि तिच्यानंतरची ३.१ निघायला ६ जून २००५ उजाडला. मध्ये जवळजवळ पस्तीस महिने गेले. २००५ च्या उन्हाळ्यात ज्याच्या यंत्रावर डेबियनची अधिकृत आवृत्ती होती त्याला केडीई २.२ आणि जीनोम १.४ या जुन्या डेस्कटॉपांवरच भागवावे लागत होते. मूळ कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, २.२ चा होता, २.४ हवा असेल तर तो मुद्दाम निवडावा लागे, आणि बाहेरच्या जगात तोवर २.६ येऊन दीड वर्ष लोटले होते. डेबियनच्या कामात तेव्हा हजाराच्या आसपास विकासक होते. कौशल्याची वानवा नव्हती, उत्साहही कमी नव्हता. तरीही तीन वर्षे का लागली? याचे एक लोकप्रिय उत्तर असे की ही माणसे काटेकोर होती, अर्धेकच्चे काही हातावेगळे करायचे नाही असा त्यांचा बाणा होता, म्हणून उशीर झाला. मला हे उत्तर पटत नाही. माझ्या मते उशीर झाला तो नियोजनाच्या पद्धतीमुळे. नव्या आवृत्तीत काय काय असले पाहिजे हे त्यांनी ठरवले होते. दार कधी बंद करायचे हे ठरवले नव्हते. आणि जिथे कोणी कोणाला हुकूम देऊ शकत नाही, अशा कामात ही दुसरी गोष्टच सगळ्यांत आधी ठरवावी लागते. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाला हे उमगायला साधारण दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांचा इतिहास नीट पाहण्याजोगा आहे, कारण आज सर्वत्र दिसणारी ठरावीक मुदतीच्या आवृत्त्यांची रीत त्यातूनच आली.

सुरुवातीच्या काळात या कामांना नियोजन असे नव्हतेच, आणि त्याची गरजही फारशी भासत नव्हती. इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली तेव्हा मोजकी माणसे होती आणि मोजकी पॅकेजे. काम झाले की आवृत्ती काढायची, एवढाच नियम. पण आवृत्ती ही केवळ करणाऱ्यांची बाब उरत नाही, बाहेरचे लोकही तिच्याकडे डोळे लावून असतात, याचा पहिला धडा डेबियनला १९९५ च्या अखेरीस मिळाला. सीडी विकणाऱ्या एका कंपनीने अजून घडत असलेली, अपुरी प्रत उचलली आणि तिच्यावर १.० असा आकडा टाकून ती विकायला काढली. ती धड चालतही नव्हती. गोंधळ वाढू नये म्हणून डेबियनने १.० हा आकडाच सोडून दिला, आणि जून १९९६ मध्ये पहिली खरी आवृत्ती निघाली ती १.१ म्हणून. तिचे नाव ‘बझ’. तेव्हाचे प्रमुख ब्रूस पेरेन्स पिक्सार या चित्रपटसंस्थेत नोकरीला होते, म्हणून आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावे देण्याची रीत पडली ती आजही चालू आहे. ३.० म्हणजे वुडी आणि ३.१ म्हणजे सार्ज. खेळणी मोडणाऱ्या सिड या मुलाचे नाव मात्र कायम अस्थिर राहणाऱ्या शाखेला मिळाले.

पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, एरिक रेमंड यांचा ‘द कथीड्रल अँड द बझार’ हा निबंध आला आणि लवकर व वारंवार आवृत्त्या काढाव्यात हा विचार सर्वतोमुखी झाला. त्यांच्यासमोर उदाहरण होते लिनक्स कर्नेलचे. पण तो विचार घडत्या प्रतींना लागू होता, चाचणी करणाऱ्या उत्साही लोकांसाठीच्या प्रतींना. सर्वसामान्य वापरासाठीच्या स्थिर आवृत्त्यांचे दुखणे त्याने सुटले नाही. कर्नेलमध्ये तेव्हा सम आकड्यांची मालिका स्थिर आणि विषम आकड्यांची घडती, अशी वाटणी होती. २.२ जानेवारी १९९९ ला आला, २.४ जानेवारी २००१ ला आणि २.६ डिसेंबर २००३ ला. २.५ मध्ये झालेले चांगले काम लोकांच्या हाती पडायला वर्षानुवर्षे लागत. ग्राहक थांबायला तयार नसत, म्हणून लिनक्स विकणाऱ्या कंपन्या ते काम उचलून स्वतःच्या २.४ मध्ये जोडत. परिणाम असा की २.४ या एकाच नावाखाली प्रत्येक कंपनीचा कर्नेल वेगळा झाला, आणि अधिकृत स्थिर मालिका म्हणून जी होती ती फारच थोडे लोक जशीच्या तशी वापरत. जास्त वेळ थांबले की वस्तू अधिक पक्की होते, या समजुतीला इथेच पहिला तडा जातो. थांबण्याच्या काळात लोकांची गरज थांबत नाही. ती दुसरी वाट काढते, आणि त्या वाटेवर कोणाचीच एकत्र चाचणी होत नाही.

सार्जची गोष्ट जवळून पाहिली की हे आणखी स्पष्ट होते. आधीच्या आवृत्त्यांनाही उशीर झाला होता आणि त्यावर उपाय म्हणून २००० साली ‘टेस्टिंग’ नावाची मधली शाखा काढली गेली. तिची योजना अतिशय सुंदर होती. मेंटेनरने, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याने, ते आधी अस्थिर शाखेत टाकायचे. तिथे ते साधारणपणे दहा दिवस थांबायचे, घाई असेल तर पाच किंवा दोन. त्या मुदतीत आधीच्या प्रतीत नव्हता असा गंभीर बग त्यात सापडता कामा नये, सर्व प्रकारच्या यंत्रांवर ते बांधून तयार झालेले असावे, आणि ते ज्या इतर पॅकेजांवर अवलंबून आहे तीही आत आलेली असावीत. एवढे जुळले की ब्रिटनी नावाचा प्रोग्राम ते आपोआप टेस्टिंगमध्ये सरकवायचा. कोणी कोणाची मनधरणी करायची गरज नाही. पण या अटींतली यंत्रांची अट किती जड होती ते पाहा. सार्ज अकरा प्रकारच्या यंत्रांसाठी निघत होती आणि त्यांत जुन्या अमिगा व अटारी संगणकांतली मोटोरोला ६८००० जातीचे प्रोसेसर धरलेले होते. त्यांच्यावर एखादे मोठे पॅकेज बांधायला दिवसचे दिवस लागत. तोवर मेंटेनर नवी प्रत टाकून मोकळा झालेला असे आणि दहा दिवसांचे घड्याळ पुन्हा शून्यावर येई. त्याच्यावर अवलंबून असलेली पन्नास पॅकेजेही मग बाहेरच ताटकळत. एकेकाचे वागणे अगदी शहाणपणाचे होते, आपले पॅकेज सुधारण्यापलीकडे कोणी काही करत नव्हता. सगळ्यांचे मिळून मात्र काम पुढे जात नव्हते.

त्यात मोठी कामे एकामागून एक येत राहिली. वुडीला ज्याने उशीर केला तो जुना इन्स्टॉलर टाकून नवा लिहायला घेतला होता, आणि तो पुरा झाल्याशिवाय सार्ज निघू शकत नव्हती. २००४ मध्ये संघटनेने आपल्या सामाजिक करारातले शब्द मतदानाने बदलले. तत्कालीन प्रकाशन व्यवस्थापकांनी त्याचा अर्थ असा लावला की मुक्त परवाना नसलेली कागदपत्रे आणि फर्मवेअर आता आधी बाहेर काढावी लागतील. त्याने आणखी वर्षभराचा उशीर झाला असता, म्हणून दुसरे मतदान घेऊन तो बदल सार्जनंतर लागू करायचे ठरले. २००४ च्या सप्टेंबरात आवृत्ती काढायचा बेत आखला गेला, पण टेस्टिंग शाखेला सुरक्षा-दुरुस्त्या पुरवणारी यंत्रणा तयार नव्हती आणि महिने पुन्हा सरकले. शेवटी १५,४०० पॅकेजे घेऊन सार्ज बाहेर आली. आणि इतके थांबून? पहिल्याच सीडींमध्ये चूक निघाली: सुरक्षा-दुरुस्त्या कुठून आणायच्या हे सांगणारी ओळ बरोबर नव्हती, म्हणून नव्या स्थापनेला त्या मिळत नव्हत्या. लगेच सुधारलेल्या सीडी काढाव्या लागल्या. ज्यांनी तीन वर्षे जिवाचे रान केले त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण उशीर म्हणजे निर्दोषपणा हे समीकरण मांडणाऱ्याने ही ओळ आठवावी.

या सगळ्यामागचे कारण मानवी स्वभावात आहे. पुढची आवृत्ती कधी येईल याचा पत्ता नसला की प्रत्येकाला वाटते, आत्ता माझे काम आत गेले नाही तर दोन-तीन वर्षे ताटकळणे आले. म्हणून जो तो शेवटच्या घटकेपर्यंत आपले गाठोडे आत ढकलतो. गाठोडी वाढली की आवृत्ती लांबते, आणि ती लांबली की पुढच्या वेळी भीती आणखी वाढते. कंपनीत वरिष्ठ हे चक्र तोडू शकतो: अमुक काम यंदा नको, तमुक माणसाने हे सोडून ते करावे, असे तो सांगतो आणि त्यासाठी पगार देतो. स्वयंसेवकाला असे कोण सांगणार? त्याला फार तर ‘तुझे यंदा नाही’ एवढे म्हणता येते, आणि तेही त्याला पटायला हवे असेल तर पुढची गाडी नक्की कधी सुटणार आहे हे सांगता आले पाहिजे. तारीख म्हणजे शिस्तीचा बडगा, ती मोकळ्या कामाच्या आत्म्याविरुद्ध आहे, असे अनेकांना वाटत आले आहे. प्रत्यक्षात, ज्या कामात हुकूम चालत नाही तिथे नकार द्यायचे तारीख हे एकमेव सभ्य साधन आहे. काय काय असावे याची यादी पुरी करायला माणसांवर सत्ता लागते. ठरल्या दिवशी दार लावून घ्यायला फक्त सर्वांचे एकमत पुरते.

हे मोठ्या प्रमाणावर अमलात आणून दाखवले ते जीनोम या डेस्कटॉप प्रकल्पाने. जीनोम २.० जून २००२ मध्ये निघाला तोवर त्यांनीही बरीच ओढाताण सोसली होती. त्यानंतर त्यांनी सहा महिन्यांचे चक्र धरले. २.२ फेब्रुवारी २००३ मध्ये आला, २.४ सप्टेंबरात, आणि पुढे मार्च-सप्टेंबर असा फेरा वर्षानुवर्षे सुटला नाही. चक्राच्या आत टप्पे ठरलेले: अमुक तारखेनंतर नवे काम नाही, तमुक तारखेनंतर पडद्यावरच्या रचनेत बदल नाही, त्यानंतर मजकुरात बदल नाही, आणि शेवटी फक्त दुरुस्त्या. याचा सर्वांत मोठा फायदा जीनोमच्या बाहेर झाला. जीनोम २.८ सप्टेंबर २००४ मध्ये येणार हे माहीत असल्यामुळे मार्क शटलवर्थ यांनी गोळा केलेल्या डेबियनमधल्याच काही विकासकांना ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू या नव्या प्रणालीची पहिली आवृत्ती काढता आली. तिचा आकडाच ४.१०, म्हणजे वर्ष आणि महिना. एकाने तारीख पाळली की दुसऱ्याला आपली ठरवता येते. मार्टिन मिक्लमायर हे २००३ ते २००५ या काळात, म्हणजे सार्जच्या रखडपट्टीत, डेबियनचे निर्वाचित प्रमुख होते. त्यांनी पुढे केंब्रिज विद्यापीठात याच विषयावर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला आणि सात प्रकल्पांचा अभ्यास करून नेमके हेच दाखवले की ठरावीक मुदतीची आवृत्ती म्हणजे विखुरलेल्या माणसांच्या कामाचा मेळ बसवण्याचे साधन आहे. कर्नेलवाल्यांनी २.७ उघडलाच नाही. २००५ पासून तिथे दोन आठवडे नवे काम आत घेतात, मग दार बंद करून सहा-आठ आठवडे फक्त दुरुस्त्या करतात, आणि नऊ-दहा आठवड्यांनी आवृत्ती काढतात. दोन दशके झाली, हा ठेका टिकून आहे.

यावरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा की मोठे, मुळापासूनचे काम सहा महिन्यांत होत नाही. तारखेच्या मागे लागणारे लोक रंगरंगोटी करत बसतील. याचे उत्तर जीनोमनेच दिले. जीनोम ३ मार्च २०१० साठी योजला होता. तो आधी सप्टेंबरवर आणि मग पुढच्या वर्षावर ढकलला गेला आणि एप्रिल २०११ मध्ये आला. पण त्या काळात २.३० आणि २.३२ आपापल्या वेळी निघाले. मोठे काम बाजूच्या रुळावर चालू राहिले आणि नेहमीची गाडी त्याच्यासाठी खोळंबली नाही. मोठ्या कामाला वेळ द्यायला तारखेची रीत नाही म्हणत नाही. त्या कामापायी बाकीच्यांना वेठीला धरायला नाही म्हणते. उलट बाजूला ईमॅक्स हा मजकूर-संपादक पाहावा: २१.१ ऑक्टोबर २००१ मध्ये आणि २२.१ जून २००७ मध्ये. मधल्या साडेपाच वर्षांत झालेल्या अनेक छोट्या, पुऱ्या झालेल्या सुधारणा मोठ्या कामांबरोबर अडकून राहिल्या.

दुसरा आक्षेप वापरणाऱ्यांच्या बाजूचा आहे आणि तो मी पुष्कळसा मान्य करतो. फायरफॉक्स या ब्राउझरने मार्च २०११ मध्ये ४ ही आवृत्ती काढल्यावर सहा आठवड्यांचे चक्र धरले. ज्या कचेऱ्यांत हजारो संगणक आहेत आणि प्रत्येक बदल आधी तपासून घ्यावा लागतो, तिथल्या लोकांनी तक्रारी केल्या. त्यांचे म्हणणे खरे होते, आणि २०१२ मध्ये त्यांच्यासाठी दीर्घ मुदतीची वेगळी शाखा काढावी लागली. उबुंटूनेही दर दोन वर्षांनी एक आवृत्ती दीर्घकाळ सांभाळायची रीत ठेवली आहे, आणि तसली पहिली, २००६ सालची, पक्की व्हावी म्हणून एप्रिलऐवजी जूनमध्ये काढली. म्हणजे किती दिवसांनी आवृत्ती काढायची हा प्रश्न वापरणाऱ्याच्या पचनशक्तीवर ठरवावा लागतो. मात्र इथे तक्रार वेगाबद्दल आहे. ठरलेपणाबद्दल नाही. कचेरीतल्या माणसाला अनिश्चित तीन वर्षे सहा आठवड्यांइतकीच जाचक असतात, कारण त्याला पुढच्या वर्षाची खरेदी आणि चाचणी कशाच्या भरवशावर आखायची तेच कळत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा: तारखा पाळणे कंपन्यांच्या पगारी माणसांना जमते, हौशी लोकांना नाही. कर्नेलचे बहुतेक काम आज पगारी माणसे करतात, हे खरे आहे. पण पैसा ओतला की तारीख साधते असे मात्र नाही. ४.० ही आवृत्ती डिसेंबर २००६ मध्ये यावी म्हणून डेबियनमध्ये ‘डंक-टँक’ नावाचा प्रयोग झाला: प्रकाशन व्यवस्थापकांना काही आठवडे पूर्णवेळ काम करता यावे म्हणून मानधन द्यायचे. संघटनेत तीव्र मतभेद झाले. काहींना पैसे आणि इतरांनी फुकट, हे अनेकांना रुचले नाही आणि काहींनी उघडपणे हात आखडता घेतला. आवृत्ती निघाली ८ एप्रिल २००७ रोजी. जिथे संमतीवर सगळे उभे आहे तिथे संमती पैशाने विकत घेता येत नाही, असेच मी यातून वाचतो.

संमतीचाच धडा २००९ मध्ये पुन्हा मिळाला. त्या जुलैमध्ये स्पेनमधील कासेरेस इथल्या वार्षिक संमेलनाच्या वेळी डेबियनने जाहीर केले की यापुढे दर विषम वर्षाच्या डिसेंबरात फ्रीझ होईल, म्हणजे नव्या कामाला दार बंद होईल. कल्पना बरोबर होती. पण मेंटेनरांशी पुरेशी चर्चा न करता ती मांडली गेली, आणि पाच महिन्यांनीच दार बंद होणार हे ऐकून ते खवळले. डिसेंबरची तारीख मागे घ्यावी लागली. फ्रीझ झाला ऑगस्ट २०१० मध्ये आणि सहा महिन्यांनी, ६ फेब्रुवारी २०११ रोजी, ६.० निघाली. त्यानंतर मात्र पद्धत बसली. फ्रीझची तारीख पुष्कळ आधी सांगायची आणि पाळायची. आवृत्तीची तारीख इतकी आधी सांगायची नाही. गंभीर बग निस्तरले की काढायची. ७ साठी दार ३० जून २०१२ ला बंद झाले आणि आवृत्ती दहा महिन्यांनी आली. ८ साठी ते ५ नोव्हेंबर २०१४ ला बंद झाले आणि साडेपाच महिन्यांत काम झाले. दुरुस्त्यांना लागेल तेवढा वेळ मिळतो, नवे ओझे मात्र वाढत नाही. सार्जनंतरची प्रत्येक आवृत्ती २२ ते २७ महिन्यांच्या अंतराने आली आहे. जीनोमची पूर्ण ठरलेली तारीख आणि जुन्या डेबियनची पूर्ण मोकळी वाट, या दोहोंपेक्षा विखुरलेल्या आणि प्रचंड मोठ्या स्वयंसेवी कामाला हीच रीत सर्वांत योग्य, असे माझे मत आहे.

मराठी वाचकाशी या इतिहासाचा थेट संबंध एका टप्प्यावर येतो, तो मजकूर गोठवण्याचा. त्याला स्ट्रिंग फ्रीझ म्हणतात. बटणावरचे शब्द, सूचना, चुकांचे निरोप, हे सारे त्या दिवसानंतर बदलत नाही आणि भाषांतर करणाऱ्यांना काही आठवडे शांतपणे काम करता येते. तारीख नसती तर मूळ इंग्रजी मजकूर आवृत्तीच्या आदल्या रात्रीपर्यंत बदलत राहिला असता, आणि ज्या भाषांमागे मोठा पैसा नाही त्यांच्या वाट्याला कायम अर्धवट पडदे आले असते: वरची ओळ मराठीत, खालची इंग्रजीत. जीनोमचे मराठीकरण, डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये २००९ च्या ५.० पासून आलेली मराठी, पुण्यात रेड हॅटच्या लोकांनी केलेले भाषांतराचे काम, हे सगळे या गोठवलेल्या आठवड्यांच्या आधाराने झाले आहे. या कामाला माणसे नेहमीच कमी पडतात. ज्याला हातभार लावायचा असेल त्याने आवडत्या प्रकल्पाचे पुढच्या आवृत्तीचे वेळापत्रक आधी उघडावे, त्यात मजकूर गोठवण्याची तारीख शोधावी आणि त्या दिवसापासूनचे तीन-चार आठवडे आपल्या दिनदर्शिकेत राखून ठेवावेत.